एकशे सतरा ठिपके

१

कासवाच्या घरट्याला अठ्ठावन्न दिवस उलटले तरी एकही पिल्लू वर येईना, तेव्हा वनरक्षकानं वरची जाळी काढून वाळू उकरली. खड्डा रिकामा होता. दोन दिवसांनी तिथून तीसेक पावलांवर, चढाला, सुरूच्या झाडांखाली एका कुत्र्यानं दुसरा खड्डा उकरला. त्यात एकशे सतरा अंडी निघाली आणि एकूण एक नासलेली. प्रत्येक अंड्यावर काळा ठिपका होता. मधोमध एक कोळसा, एक वाळलेली लाल मिरची आणि एक लोखंडी खिळा ठेवलेला होता.

हे घडलं कोकणात, समुद्रकाठच्या एका राष्ट्रीय उद्यानात. उद्यानाचं नाव मी लिहीत नाही, तिथल्या लोकांना आमच्या जिल्ह्याचा आधीच पुरेसा राग आलेला आहे. कारण त्या किनाऱ्यावर तंबू ठोकून राहिलेली शेवटची मंडळी जालना जिल्ह्यातल्या आमच्या मंठ्याहून गेलेली होती. अकरा माणसं, सव्वीस जानेवारीला जोडून तीन मुक्काम. त्यांचा म्होरक्या होता संघपाल मास्तर.

मी काकासाहेब, पोलिसातून जमादार म्हणून निवृत्त झालो. गुडघे गेले, पण संशय घ्यायची खोड काही गेली नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, एका बुधवारी दुपारी संघपालची बायको रूपाली माझ्या ओसरीवर येऊन बसली. अंगणवाडीत काम करते. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो, त्या दिवशी आधी पिशवीच उघडली. तिनं पिशवीतून तीन कागद काढले. एक वनखात्याचा, एक शाळेच्या संस्थेचा आणि तिसरं वर्तमानपत्राचं कात्रण. कात्रणावर ठळक मथळा होता: ‘शिक्षकाच्या शिबिरात भानामती?’

मला हसावं का रडावं कळेना. गेली दहा वर्षं हा संघपाल गावोगावी भानामतीच्या विरुद्ध बोलत फिरतो. लोकांनी त्याच्यावर शेण फेकलं, तरी हटला नाही. त्याच्याच डोक्यावर मिरची आणि खिळा!

“सोमवारी जालन्याला सुनावणी हाय, काका,” रूपाली म्हणाली. “दोषी धरलं तर नोकरी गेली. बारा वर्षं अर्ध्या पगारावर काढली, आत्ता कुठं कायम झाले. दोन लेकरं हायेत आमाला.”

“मग त्यानं तसं सांगावं ना. आपण केलं नाही म्हणून.”

“तेच तर,” ती म्हणाली. “ते स्वतःच्या बचावाचा एक शब्द बोलून न्हाई राह्यले.”

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याकडे गेलो. अंगणात दोन-चार कोंबड्या पायात आल्या, त्यांना हुसकत आत शिरलो. त्याची आई बेबीनंदा हिनं पाणी दिलं, चहा टाकते म्हणाली आणि आत गेली.

संघपाल माझ्याकडे बघत नव्हता. चाळिशीचा माणूस, पण खांदे साठीच्या म्हाताऱ्यासारखे पडलेले. मी शिबिराचं विचारलं, तेव्हा मात्र जरा बोलला. अकराही जणांकडून त्यानं नियम लिहून घेतले होते. किनाऱ्यावर विस्तव नाही. पांढरा उजेड नाही, कासवं भुलतात. आखलेल्या वाटेबाहेर पाय नाही. कचरा तर सोडाच, बोरांच्या बियासुद्धा पिशवीत भरून मंठ्याला परत आणल्या. आणि सगळ्यात मोठा नियम, जिथली वस्तू तिथंच.

“अंडी हलली कधी?” मी विचारलं.

“शनिवारी सकाळी असंल. शुक्रवारी संध्याकाळी गार्डनं आमाला घरटं दाखवलं. दहा दिवसांचं होतं. मला म्हनला, मास्तर, तुमी हितं हायेत तवर हे तुमच्या जबाबदारीवर. शनिवारी सकाळी तो आमाला पक्षी दाखवायला घेऊन गेल्ता. बाकी वेळ तो किनाऱ्यावरच असायचा.”

“तंबूपाशी कोण राहिलं?”

त्यानं चार नावं घेतली. शहागडचा हॉटेलवाला राधेश्याम, केदारखेड्याचा खतदुकानदार अंगद, शाळेतल्या विज्ञानाच्या बाई दैवशाला, आणि गुडघ्यामुळं आई. “आन् मी,” तो म्हणाला. “दुर्बीण विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आल्तो. अर्धा तास.”

वनखात्यानं नेमका हाच अर्धा तास पकडला होता.

टेबलावर खड्ड्याच्या फोटोची प्रत पालथी पडली होती. मी ती उलटली. संघपालनं झटकन मान फिरवली. चाळीस वर्षं मी माणसांना फोटो दाखवले आहेत. ज्याला काही माहीत नसतं तो डोळे फाडून बघतो. मान फिरवतो तो ज्याला सगळं माहीत असतं तोच.

“संघपाल, कोणाला वाचवतोयस?”

“काका, तुमी यात पडू नका,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “माझ्या नावानं मिटू द्या.”

३

राधेश्यामचं हॉटेल हायवेला आहे. बाहेर ट्रकांची रांग, आत भज्यांचा घाणा. मी काय विचारायला आलोय ते कळताच त्यानं दोन प्लेट भजी पुढं सरकवली. माझ्या अनुभवात, न मागता भजी देणारा माणूस काहीतरी लपवत असतो.

“विस्तव कोणी केला होता तिथं?” मी सरळच विचारलं.

“विस्तव? बिलकुल न्हाई. मास्तरनं सक्त मना केल्ती.”

“मग कोळसा काय समुद्रातून आला? सगळ्यांचा स्वयंपाक गॅसवर होता. शिबिरात एकच माणूस असा, ज्याला सकाळी चुलीच्या धुरातल्या चहाशिवाय जमत नाही.”

त्याचा चेहरा पडला. छोटी शेगडी त्यानं बॅगेत लपवून नेली होती. शनिवारी सगळे गेल्यावर तंबूमागं चहा केला, कोळसे विझवले आणि उरलेले पिशवीत भरून झाडाला टांगले. “जमादार, चहाची चूक झाली, मान्य. पर अंड्याला मी हात लावीन का? आमच्या घरात अंडं शिजत न्हाई, सात पिढ्यांत न्हाई.”

“पिशवी कोणी बघितली होती?”

“सगळ्यांनीच. समोरच टांगली होती.”

“तिथं झोप लागली का रे तुला? नवीन जागा, समुद्राचा आवाज.”

“हितं रातभर ट्रक वाजत्यात माझ्या कानाशी,” तो हसला. “समुद्र तर बिचारा हळूच बोलतो.”

अंगदकडं गेलो. गळ्यात तुळशीची माळ आणि खिशात लबाडी. दहा मिनिटांत त्यानं कबूल केलं की नियम मोडून तीन शंख त्यानंही आणले आहेत. ते देव्हाऱ्यात मांडलेले मला दाखवले. माळ घातल्यापासून अंड्याचा वाससुद्धा सहन होत नाही म्हणाला. त्या सकाळी तो तंबूत घोरत होता, हे राधेश्यामनं आधीच सांगितलं होतं. अकरा जणांना नियम पाठ, आणि पाळणारा बहुधा एकटा संघपाल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

राहिल्या दैवशालाबाई. त्यांच्या नवऱ्याची नोकरी दहा वर्षं रत्नागिरीला होती, समुद्राचं त्यांना अप्रूप नाही. त्या सकाळी डोकं दुखतं म्हणून पडून होत्या. त्यांनी फोटो चष्म्याजवळ नेऊन पाहिला आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेल्या.

“जमादार, हे ठिपके बघा. काही वर हायेत, काही बाजूला, काही खाली गेलेत. अंडी नुसती हलवली न्हाईत, फिरवलीत. एकदा न्हाई, परत परत.”

“मग?”

“कासवाचं अंडं वाळूत बसलं की फिरवायचं नसतं. आतला जीव वरच्या बाजूला चिकटलेला असतो. उलटं केलं की गेला. हे ज्यानं केलं त्यानं एकेक अंडं हातात घेऊन मारलंय.”

त्यांच्या घरातून निघालो तेव्हा मला त्या माणसाची किळस आली होती.

४

शुक्रवारी दुपारी जेवायला बसलो, तरी फोटो ताटाशेजारीच. बायको, गिरिजाबाई, वाढता वाढता कुरकुरली, “जेवताना तरी ती मढी बाजूला ठिवा.”

“मढी नाहीत. अंडी आहेत.”

तिला चष्म्याशिवाय धड दिसत नाही. वाकून तिनं फोटोकडे पाहिलं, आमटीची पळी हातात तशीच.

“अगबाई,” ती म्हणाली. “एवढी अंडी! कुनी कोंबडी बसवली?”

माझा घास हातातच राहिला.

५

गिरिजाबाईनं जे सांगितलं ते मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी दोन दिवस दिसलं नव्हतं. पोलिसाची अक्कल असली तर अशीच.

खेड्यात कोंबडी खुडूक झाली की टोपल्यात अंडी मांडून तिला बसवतात. बसवलेली अंडी ओळखू यावीत म्हणून प्रत्येकावर कोळशाचा ठिपका. ठिपका बघून बाई रोज अंडी फिरवते, सगळीकडून सारखी ऊब लागावी म्हणून. आणि आभाळ गडगडलं की अंडी नासतात, असं म्हणतात. म्हणून टोपल्यात कोळसा, मिरची आणि लोखंडाचा तुकडा ठेवायचा. भानामती नव्हती ती. जीव जगावा म्हणून केलेली राखण होती.

पण जानेवारीत कुठलं आलंय गडगडणारं आभाळ?

मी हात धुतले आणि बसून राहिलो. आभाळ नव्हतं, पण समुद्र होता. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र ऐकणाऱ्या माणसाला रात्रभर तो कसा वाटला असेल? राधेश्यामला ट्रकांपुढं तो ऐकू आला नाही. दैवशालाबाईंच्या कानाला तो दहा वर्षांच्या सवयीचा, शिवाय अंडं फिरवलं की मरतं हे त्यांनीच मला सांगितलं. अंगद अंड्याला शिवत नाही. चौघांतून तीन गेले. संघपालला कासवाची पुस्तकं पाठ, तो फिरवणार नाही. पण फोटो बघून त्यानं मान फिरवली, कारण तसलंच टोपलं बघत तो लहानाचा मोठा झाला होता.

मी तसाच उठून गेलो. संघपाल जालन्याला वकिलाकडे गेला होता. बेबीनंदा अंगणात ज्वारी निवडत बसली होती.

“बेबीनंदाबाई,” मी म्हणालो, “कोकणातली ती अंडी तुम्ही वर नेऊन ठेवली ना?”

ती घाबरली नाही. उलट तिचं तोंड उजळलं. “आता! तुमाला कुनी सांगितलं? संघाला बोलू नका बरं का, भाऊ. तो लई नियमाचा हाय.”

“नाही बोलत. कशाला नेली वर?”

“तो गार्ड म्हनला ना, मोठी भरती आली तर पानी हितवर येतं. पुढं काय बोलला ते मला समजलं न्हाई. आन् हे बी म्हनला की मास्तर, तुमची जबाबदारी. त्या संध्याकाळी संघा बराबर जेवला न्हाई. मला समजलं, याला घोर लागला. मंग सकाळी ते पाखरं बघायला गेल्ते, तवा मी पदरात घेऊन नेली. धा-धा करून. गुडघा लई दुखला. पर एक बी फुटू दिलं न्हाई. जाळी होती तशी परत ठिवली.”

“आणि ठिपके?”

“फिरवायला नको का? शनवारी, आयतवारी, सोमवारी निघताना पन फिरवली. झाडामागं बसायला जाते म्हनलं की कुनी इचारत न्हाई. आन् तो समुद्र किती गरजतो वो! रातभर आभाळ फाटल्यावानी. मंग मिरची ठिवली, कोळसा ठिवला, सामानाच्या खोक्याचा खिळा उपसून ठिवला. आमी निघाल्यावर त्यांची आई येईलच ना बघायला.”

कासवाची आई परत येत नसते, हे मी तिला सांगितलं नाही.

तिनं सुपातली ज्वारी सारखी केली. “मी घरी आल्यावर संघाला रोज इचारायची, त्या अंड्यांचं काय झालं. परवा म्हनला, निघाली आई, समदी पान्यात गेली. खरं ना वो, भाऊ? एकशे सतरा होती. मी मोजल्याली.”

मी खाकीत असताना पुष्कळ खोटं बोललो आहे. पण इतकं जड कधी गेलं नव्हतं.

“निघाली,” मी म्हणालो. “सगळी निघाली.”

६

संघपालला मी शनिवारी शाळेच्या मागच्या लिंबाखाली गाठलं.

“फोटो बघितला तवाच समजलं, काका,” तो म्हणाला. “मला शिकवलं ते त्या कोंबड्यांवर. डी.एड.ची फी अंडी इकून भरली तिनं.”

“मग सोमवारी खरं सांग. अडाणी म्हातारी बाई आहे, चांगल्या मनानं केलं. फार काही शिक्षा होणार नाही तिला.”

“शिक्षा न्हाई होणार. पर जबाब घेतील ना? इचारतील ना, बाई, ही एकशे सतरा पिल्लं तुझ्या हातानं कशी मेली?” तो खाली लिंबाच्या मुळीवर बसला. “मी सातवीत होतो तवा इज पडली आन् टोपल्यातली तेरा अंडी नासली. तेरा, काका. ती चार दिवस जेवली न्हाई. आता सत्तरीची हाय. हे तिला समजलं तर ती उठायची न्हाई.”

“आणि लेकरं? नोकरी?”

तो उठला आणि शाळेकडे पाठ करून उभा राहिला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. निर्दोष माणूस सोडवायला निघालो होतो, आणि त्याला सोडवायचा एकच रस्ता त्याच्या आईच्या छातीवरून जात होता.

शोध रूपालीनं लावायला सांगितला होता, तेव्हा तिला सांगणं भाग होतं. मी सांगितलं. ती भडकली. “मंग माझ्या लेकरांच्या तोंडचा घास काढून सासूला सुखात ठिवायचं का? मी जाते आत्ताच, सांगते तिला तोंडावर!” उठली, दारापर्यंत गेलीसुद्धा. तिथंच चौकट धरून रडली.

सोमवारी सकाळी तिनं नवऱ्याच्या शर्टाला इस्त्री करून दिली. सासूला काही बोलली नाही.

सुनावणी वीस मिनिटांत संपली. संघपालनं लिहून दिलं, अंडी मीच हलवली, अज्ञानानं हलवली. मिरची-खिळ्याचं विचारलं तेव्हा गप्प राहिला. संस्थेनं त्याला काढून टाकलं. कोकणातल्या कोर्टात खटला उभा राहिला. त्या उद्यानानं आमच्या भागातल्या शिबिरांना यापुढं परवानगी द्यायची नाही असं ठरवलं. तेही बरोबरच आहे, मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं. संघपाल आता मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमालांची हजेरी घेतो. भानामतीवर बोलायला त्याला कोणी बोलवत नाही. बोलावलं तरी कुठल्या तोंडानं जाईल?

मी स्वतःशी म्हणालो, निदान म्हातारी तरी वाचली.

७

ते समाधान तीन आठवडे टिकलं.

एप्रिलच्या भर उन्हात बेबीनंदा माझ्या ओसरीवर आली. हातात कपड्यांचं बोचकं. गिरिजाबाईनं पाणी दिलं ते तिनं बाजूला ठेवलं.

“भाऊ, गिरणीत बाया बोलत होत्या,” ती म्हणाली. “संघानं कासवाची अंडी मारली. कागदावर लिहून दिलंय म्हने त्यानं, मीच केलं म्हनून. खरं हाय का?”

तिनं बाजूला ठेवलेलं पाणी मी पुन्हा तिच्यापुढं सरकवलं.

“तुमी तर मला म्हनले, समदी निघाली.”

“बेबीनंदाबाई...”

“मी घरी जाऊन त्याला इचारलं. इकडं बघ म्हनलं, तू मारली का? तर खाली मान घालून हो म्हनला.” तिनं बोचकं छातीशी ओढलं. “मी एवढी जपून ठिवली होती वो. पदरात नेली. आमी निघालो तवा चांगली होती, ऊब होती त्यांच्यात. आन् पोटच्या पोरानं मागून जाऊन... सून बी काही बोलत न्हाई. भिताडाकडं तोंड करून बसती. मी चालले भिवाकडं, भावाच्या घरी. त्या पोराच्या हातचं पानी आता मला नको.”

एक वाक्य बोललो असतो तर तिचा लेक तिला परत मिळाला असता. तेच वाक्य तिला संपवणारं होतं. गिरिजाबाई दारात उभी होती. तिला सगळं माहीत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून आत निघून गेली.

ऊन फार होतं, म्हणून मी मोटरसायकलवर तिला स्टँडवर नेलं. बस लागलेलीच होती. बोचकं आत ठेवून ती खिडकीशी बसली आणि गजांतून हात काढून तिनं माझी बाही धरली.

“भाऊ, तुमी एवढे खून शोधले आयुष्यात,” ती म्हणाली. “माझं एक काम करा. माझा संघा असा नव्हता वो. त्यानं हे कशापायी केलं, तेवढं मला शोधून द्या.”

कंडक्टरनं घंटी मारली.

“बघतो,” मी म्हणालो.